वर्धा नदीच्या दोन काठांवर: नशेला परवाना दिला तर हिंसा कमी होते का?

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि टाळेबंदीमुळे यवतमाळ जिल्ह्यातली दारूची दुकानं बंद होती. वणी शहरात काही माणसांनी दारूच्या जागी हात धुवायचं सॅनिटायझर पोटात घेतलं. एक-दोन दिवसांत सात जण गेले. हातावर पोट असलेली माणसं होती ती. वणीपासून काही किलोमीटरवर वर्धा नदी आहे. ती ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. तिथे तेव्हा सहा वर्षांपासून कायद्यानेच दारू बंद होती. वणीतल्या मृत्यूंनंतर महिन्याभराने, २७ मे २०२१ रोजी, राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची दारूबंदी उठवली. बंदीमुळे गुन्हेगारी आणि अवैध विक्री वाढली, हे त्यासाठी दिलेलं एक मोठं कारण होतं.

नशेचे पदार्थ कायदेशीर केले तर हिंसक गुन्हे कमी होतील का, हा वाद जगभर कोकेन, हेरॉइन आणि गांजा यांच्यावरून चालतो. मेक्सिकोतल्या टोळ्या, अमेरिकेतली राज्यं, पोर्तुगाल, थायलंड ही त्यातली नेहमीची उदाहरणं. यवतमाळच्या माणसाला इतकं दूर जायचं कारण नाही. या जिल्ह्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी वाहते. नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे, गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून. चंद्रपूर १ एप्रिल २०१५ ला कोरडं झालं आणि २०२१ मध्ये पुन्हा खुलं झालं. त्यापलीकडच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. आणि वर्धा-चंद्रपूरला लागून असलेलं यवतमाळ या सगळ्या काळात परवान्याचं राहिलं. भाषा तीच, कापूस-सोयाबीन तेच, कर्ज आणि कोरडवाहू शेतीही तीच. फक्त बाटली विकणं एका काठावर धंदा आणि दुसऱ्या काठावर गुन्हा. बंदी आणि परवाना यांची तुलना करायला याहून चांगली जागा देशात क्वचितच सापडेल.

ही तुलना नीट करायची तर ‘नशेमुळे होणारी हिंसा’ ही एकच गोष्ट आहे हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. अमेरिकी अभ्यासक पॉल गोल्डस्टीन यांनी १९८५ मध्ये तिची तीन भागांत विभागणी केली. ती आजही सर्वांत उपयोगी आहे. पहिली हिंसा पदार्थ अंगात गेल्यामुळे होते. नवरा पिऊन येतो, ताट भिरकावतो, बायकोवर हात उचलतो. लग्नाच्या वरातीत दोन तरुण भिडतात आणि एकाच्या डोक्यात दगड बसतो. दुसरी हिंसा पैशासाठी होते. व्यसन सुटत नाही आणि पदार्थ महाग, म्हणून माणूस चोरी करतो, लुटतो, आईच्या गळ्यातलं डोरलं ओढतो. तिसरी हिंसा धंद्याची. इलाका कोणाचा, माल कोणी पळवला, पोलिसांना टीप कोणी दिली यावरून होणाऱ्या मारामाऱ्या आणि खून.

कायदा बदलला की या तिन्हींवर वेगवेगळे परिणाम होतात, कधीकधी एकमेकांच्या अगदी उलटे. माझ्या मते या वादातला निम्मा गोंधळ इथेच आहे. परवान्याच्या बाजूचे लोक तिसऱ्या हिंसेबद्दल बोलत असतात, बंदीच्या बाजूचे पहिल्या, आणि दोघांनाही आपण एकाच प्रश्नावर भांडतो आहोत असं वाटतं.

धंद्याच्या हिंसेचं मूळ साधं आहे. परवानाधारक दुकानदाराचा माल ठोक विक्रेत्याने अडवला तर तो वकिलाकडे जातो. शेजारच्या दुकानदाराने वेळेचा नियम मोडला तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे तक्रार करतो. चंद्रपुरात ज्याला कोचिया म्हणतात, त्या अवैध विक्रेत्याला या दोन्ही वाटा बंद असतात. त्याचा माल लुटला गेला तर तो फिर्याद देऊ शकत नाही, उधारी बुडाली तर कोर्टात जाऊ शकत नाही. मग करार पाळला जावा म्हणून उरते फक्त दहशत. दहशत बसवायला माणसं लागतात, माणसं पोसायला पैसा लागतो आणि तो बंदीने चढलेल्या भावातून येतो. पोलिसांची गाडी मागे लागली तर थांबण्यापेक्षा पळणं स्वस्त पडतं, कारण गाडीत काही लाखांचा माल असतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारू घेऊन चाललेल्या वाहनाला अडवायला गेले, आणि त्या वाहनाने त्यांना चिरडलं. चंद्रपुरात दारूबंदी नसती तर ते वाहन त्या रस्त्यावर दारू लपवून धावत नसतं. एवढं स्पष्ट कार्यकारण फार कमी गुन्ह्यांत दिसतं. कायद्यालाही हे नातं ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९८१ मध्ये गुंडांना स्थानबद्ध करण्यासाठी जो कायदा झाला, पोलीस ज्याला एमपीडीए म्हणतात, त्याच्या नावातच झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार एका ओळीत बसवले आहेत.

चंद्रपूरच्या त्या सहा वर्षांत यवतमाळची भूमिका पुरवठ्याच्या काठाची होती. वणी, मारेगाव, झरी जामणी हे तालुके सीमेवर. वणीहून वरोऱ्याला जाताना पाटाळ्याचा पूल लागतो, घुग्गुसकडे जाताना कोळसा खाणींचा पट्टा. इकडे परवान्याच्या दुकानात छापील किमतीला घेतलेली पेटी पूल ओलांडताच चढ्या भावाची होत होती. बंदी चंद्रपूरला लागू झाली, पण तिने निर्माण केलेल्या नफ्याचा वाटा नदीच्या दोन्ही काठांना मिळाला. एका जिल्ह्यापुरत्या बंदीचा हा दोष कितीही नाकेबंदी केली तरी जात नाही. नदीला उन्हाळ्यात पाणी नसतं, आणि पायवाटा पुलांपेक्षा पुष्कळ जास्त असतात.

बंदी उठवताना सरकारने दिलेले आकडे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले. बंदीआधीच्या पाच वर्षांत सोळा हजारांच्या आसपास गुन्हे होते, नंतरच्या काळात ते चाळीस हजारांवर गेले. गुन्ह्यांत सापडलेल्या स्त्रियांची संख्या सतराशेच्या आसपास होती, ती चार हजारांवर पोचली. वाचणाऱ्याला वाटलं की चंद्रपुरात हिंसाचार अडीच पटीने वाढला. तसा अर्थ या आकड्यांतून निघत नाही. दारू विकणं, नेणं, जवळ बाळगणं हाच जिथे गुन्हा होतो, तिथे पकडलेली प्रत्येक पिशवी म्हणजे दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खालचा एक गुन्हा असतो. आदल्या वर्षी तीच पिशवी उघड्या दुकानातून घरी गेली असती आणि कोणत्याही रजिस्टरात चढली नसती. बंदीमुळे गुन्ह्यांची बेरीज वाढणारच, कारण बंदी म्हणजेच गुन्ह्याची नवी व्याख्या. खून, जीवघेणे हल्ले, बलात्कार, घरातली मारहाण यांचे आकडे वेगळे काढल्याशिवाय हिंसेबद्दल काही बोलता येत नाही.

त्या आकड्यांतली स्त्रियांची वाढ मात्र मनाला लागते. अवैध विक्रीत खालच्या पायरीवर कोण उभं राहतं ते त्यातून दिसतं. माल आणणारा मोठा माणूस पकडला जात नाही. झोपडीत चार निपा ठेवून विकणारी विधवा किंवा टाकलेली बाई पकडली जाते. बंदी आणण्यासाठी ज्या बायका चालल्या, त्यांच्याच वस्तीतल्या दुसऱ्या बायका बंदीच्या आरोपी झाल्या.

आणि त्या बायका खरोखर चालल्या होत्या. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेने चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. थंडीत, रस्त्यावर मुक्काम करत हजारो ग्रामीण स्त्रिया विधानभवनापर्यंत गेल्या. पुढे समिती नेमली गेली, अहवाल आला, आणि २०१५ मध्ये बंदी झाली. यवतमाळातही ‘स्वामिनी’ या नावाने दारूबंदीची चळवळ उभी राहिली. चंद्रपूरला झालं ते आमच्या जिल्ह्याला का नाही, हा तिचा प्रश्न होता. टोळीयुद्धाचा आलेख दाखवून या बायकांना गप्प बसवता येत नाही. त्या ज्या हिंसेबद्दल बोलत होत्या ती चौकात घडत नाही. घरात घडते, आणि बहुतेक वेळा पोलीस ठाण्यापर्यंत पोचतच नाही.

ही हिंसा किती मोठी आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, ज्यांचा नवरा वारंवार पिऊन झिंगतो अशा सुमारे ७० टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. नवरा पीतच नाही अशा स्त्रियांत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आत आहे. दारू हे मारहाणीचं एकमेव कारण नाही. न पिता मारणारे नवरे आहेतच, आणि पिऊनही कधी हात न उचलणारे आहेत. तरी हा फरक एवढा मोठा आहे की तो निव्वळ योगायोग म्हणून झटकता येणार नाही. बिहारने एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण दारूबंदी केली. तिच्या परिणामांवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाच्या नियतकालिकात आला. बंदीमुळे जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणं टळली असावीत, असा त्याचा अंदाज आहे. त्याच बिहारमध्ये दारूबंदीच्या जामीन अर्जांनी न्यायालयं तुंबली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक माणसं मेली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एका बाजूला न खाल्लेला मार आहे, दुसऱ्या बाजूला बळी गेलेली माणसं. पहिल्याची नोंद कुठेच होत नाही, दुसऱ्याची मथळ्यात होते. म्हणून चर्चेत दुसरी बाजू नेहमी जड वाटते.

आता बंदी उठवल्याने धंद्याची हिंसा खरंच संपते का, ते पाहू. महाराष्ट्राने हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर केलेला आहे, आणि तो करणारा मुख्यमंत्री यवतमाळ जिल्ह्याचाच होता. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. मोरारजी देसाईंच्या आग्रहाने मुंबई राज्य कोरडं झालं, आणि धारावी, अँटॉप हिलच्या दलदलीत हातभट्ट्या पेटल्या. टोळीप्रमुख वरदराजन मुदलियार याच धंद्यातून वर आला. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत दारूबंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. परवाने आले, पुढे देशी दारूही अधिकृत झाली. अर्थशास्त्राच्या साध्या हिशेबाने वरदराजनसारख्यांचा धंदा तिथेच बसायला हवा होता. तसं झालं नाही. सत्तरच्या दशकात त्याचं वजन वाढलंच. अधिकृत दारूवर कर होता, हातभट्टीवर नव्हता. गोदी कामगाराला आणि हमालाला परवडणारी दारू अजूनही काळोखातच मिळत होती. शिवाय टोळी एकदा उभी राहिली की तिच्याकडे फक्त दारू नसते. माणसं, गाड्या, ओळखीचे पोलीस, धाक असं सगळं भांडवल असतं, आणि ते दुसऱ्या धंद्यात लावता येतं.

सोन्याच्या बाबतीतही हेच झालं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, पाठोपाठ आयात खुली झाली आणि सोन्याची तस्करी कोसळली. पण नव्वदच्या दशकातली मुंबई शांत झाली का? ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना बिल्डर, चित्रपट निर्माते आणि हॉटेलवाले यांच्याकडून उकळलेल्या खंडण्या आणि भर रस्त्यातले गोळीबार आठवतील. तस्करीचं उत्पन्न आटल्यावर टोळ्यांनी खंडणी धरली. म्हणून माझं मत असं झालं आहे की बंदी उठवल्याने नव्या टोळ्या जन्मणं थांबतं, पण जन्मलेल्या टोळ्या विरघळत नाहीत. त्या मोडण्याचं काम पोलिसांनाच करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

परदेशातला अनुभवही याच्याशी जुळतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. खुनांचं प्रमाण त्या काळात वाढत जाऊन १९३३ मध्ये लाखामागे दहाच्या आसपास पोचलं, आणि बंदी गेल्यावर दहाएक वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. वाढ बंदीच्या आधीच सुरू झाली होती आणि घसरणीच्या काळात महामंदीही सरत होती, म्हणून सगळं श्रेय कायद्याला देणं बरोबर नाही. अलीकडचा पुरावा अधिक नेमका आहे. अमेरिकेच्या मेक्सिकोला लागून असलेल्या राज्यांनी औषधी वापरासाठी गांजाला परवानगी दिल्यावर तिथला हिंसाचार सुमारे १३ टक्क्यांनी घटला, असा निष्कर्ष तीन अर्थतज्ज्ञांच्या एका गाजलेल्या अभ्यासाने काढला. इलाक्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या कमी झाल्या. पण सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या टोळ्यांनी मुंबईसारखंच केलं. त्या फेंटानिलकडे, तेलाच्या चोरीकडे, ॲव्होकाडोच्या बागायतदारांकडून खंडणी वसूल करण्याकडे वळल्या.

गांजाचा विषय निघालाच आहे, आणि त्याचं यवतमाळशी नातं जुनं आहे. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातल्या भांग-गांजा-चरसाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. गांजा ओढणारे वेडे होतात आणि खून करतात, अशी ओरड इंग्लंडच्या पार्लमेंटात झाली होती. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं उघडून पाहिली, खुनांच्या खटल्यांचे कागद मागवले. तेव्हाच्या वऱ्हाडात आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता, आणि शेजारच्या मध्य प्रांतात खंडवा हे गांजाच्या लागवडीचं मोठं केंद्र होतं. गांजा आणि हिंसक गुन्हे यांचा संबंध अगदी क्षीण आहे, हा आयोगाचा निष्कर्ष होता. बंदी नको, कर आणि परवाना हवा, अशी त्याची शिफारस होती. वसाहतीच्या सरकारला महसूल हवा होता हे लक्षात ठेवूनही, त्या अहवालाचं काम आजच्या अनेक सरकारी अहवालांपेक्षा कसून केलेलं आहे.

नव्वदेक वर्षांनी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा लागू झाला आणि गांजा हेरॉइनच्या शेजारी जाऊन बसला. भांगेची पानं तेवढी व्याख्येबाहेर राहिली. आज एक किलोपर्यंत गांजा हे अल्प प्रमाण आहे आणि वीस किलोहून जास्त ते व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी, आणि कलम ३७ मुळे जामीन मिळणं महाकठीण. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांत पिकणारा गांजा तेलंगणातून उत्तरेकडे येतो. त्याची एक वाट राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे. आदिलाबाद सोडलं, पैनगंगा ओलांडली की पिंपळखुटी, पाटणबोरी, पांढरकवडा, करंजी, वडकी करत हा रस्ता थेट हिंगणघाटला आणि नागपूरला नेतो. विदर्भात कपाशी-तुरीच्या ओळींत लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात.

गोल्डस्टीनच्या तीन कप्प्यांत गांजा टाकून पाहिला तर पहिला जवळजवळ रिकामा राहतो. ओढणारा सुस्तावतो, क्वचितच मारामारीला उठतो. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याच्या मेंदूवर आणि मनावर होणारे परिणाम गंभीर आहेत, त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. पण ते आरोग्याचं नुकसान आहे, शेजाऱ्यावर झालेला हल्ला नव्हे. दुसरा कप्पाही छोटा, कारण गांजा स्वस्त आहे. उरते धंद्याची हिंसा, आणि ती बंदीतूनच येते. केवळ हिंसेच्या निकषावर पाहिलं तर दारू गांजाहून कितीतरी धोकादायक आहे, आणि आपल्या कायद्याने दोघांची जागा उलटी ठेवली आहे. व्यसनांवरच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, जे दिल्लीच्या एम्समधल्या केंद्राने केलं होतं, देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३ कोटी आढळले. ओढताना पकडलेल्या पोराला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात घालण्याची तरतूद काढून टाकावी, असं मला ठामपणे वाटतं. तो तिथून बाहेर येताना बहुधा अशा माणसांच्या ओळखी घेऊन येतो, ज्या त्याला बाहेर कधी झाल्या नसत्या.

पण हाच युक्तिवाद ओढत मेफेड्रोनपर्यंत न्यायचा नाही. पोरं ज्याला एमडी म्हणतात ती ही पावडर २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून तिचा प्रचंड साठा पकडला. शेतात पिकणारा हा पदार्थ नाही, कारखान्यात बनतो. घेणाऱ्याला झोप लागत नाही, संशय वाढतो, हात चालतात. इथे पहिला कप्पा भरलेला आहे, आणि परवाना देऊन तो रिकामा होणार नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता थोडा साठा बाळगणाऱ्यावर फौजदारी खटला चालवणं थांबवलं, विक्री मात्र गुन्हाच ठेवली. त्याचबरोबर उपचारांची भक्कम व्यवस्था उभी केली. पकडलेला माणूस न्यायाधीशाऐवजी डॉक्टर आणि समाजसेवक असलेल्या समितीपुढे जातो. अतिसेवनाचे मृत्यू आणि एचआयव्हीची लागण कमी झाली, हिंसाचाराचा भडका उडाला नाही. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२१ मध्ये शिक्षा काढली, पण उपचारांची सोय वेळेत उभी केली नाही. रस्त्यांवरचं दृश्य पाहून लोक वैतागले आणि २०२४ मध्ये कायदा मागे फिरवला गेला. आपल्या एनडीपीएसमध्ये कलम ६४-अ आहेच. व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. तालुक्याच्या गावी उपचाराची खाटच नसेल तर ते कलम कोणाच्या कामाचं?

दारूकडे परत येतो, कारण यवतमाळचा मुख्य प्रश्न तोच आहे. माझं मत जिल्हाबंदीच्या विरोधात आहे. वर्धा जिल्ह्यात पन्नास वर्षं बंदी असूनही ती दारू थांबवू शकलेली नाही. पण ‘बंदी नको’ म्हणणाऱ्यांनी लगेच ‘दुकान हवं’ म्हणावं, हे मला मान्य नाही. बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे. दुकानं किती, शाळेपासून किती लांब, किती वाजता बंद होणार, बाटलीवर कर किती, हे सगळं त्या जागेत ठरतं. कर फार कमी ठेवला तर पिणं वाढतं. फार चढवला तर माणूस हातभट्टीकडे वळतो, आणि हातभट्टीत कधी मिथेनॉल निघेल सांगता येत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं विषारी दारूने मेली तेव्हा मुंबईत दारूबंदी नव्हती. मोहाचंही वेगळं पाहायला हवं. कोलाम आणि गोंड पाड्यांत मोहाची दारू पूजेला आणि पाहुण्याला लागते. तिच्यात आणि बाजारासाठी ड्रममध्ये सडवा घालून, नवसागर टाकून गाळलेल्या दारूत कायद्याने भेद केलाच पाहिजे.

महाराष्ट्राकडे या मधल्या जागेतलं एक उत्तम हत्यार आहे: गावाने मतदान करून दुकान बंद करण्याचा अधिकार. २००८ च्या आदेशानुसार पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मतं मिळाली की दुकानाचा परवाना जातो. दारूचा मार कोणाला बसतो हे ओळखून त्यांच्याच हाती निर्णय देणारी ही तरतूद आहे, म्हणून ती मला जिल्हाबंदीहून कितीतरी मोलाची वाटते. अडचण अशी की निम्मी मतं झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या लागतात. मजुरीसाठी बाहेरगावी गेलेली, आजारी असलेली, सासरी जाऊनही यादीतून नाव कमी न झालेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडताना आपण असा नियम लावत नाही. झालेल्या मतदानाचं बहुमत पुरेसं मानलं, तर बायकांनी सहा-सहा महिने राबून उभी केलेली मोहीम थोडक्या मतांनी पडणार नाही.

मतदानाने दुकान बंद झाल्यावर त्याच गावात अवैध विक्री सुरू होऊ नये, यासाठी काय करायचं ते गडचिरोलीकडून शिकता येतं. तिथे २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, शासन आणि गावसंघटना एकत्र काम करतात. गाव स्वतः विक्री थांबवतं, तालुक्याला व्यसनउपचार मिळतो, तंबाखूही त्यात येतो. बंदीचा कायदा पाठीशी नसलेल्या यवतमाळातही यातलं बरंच काही करता येईल.

आणि एक काम विद्यापीठांसाठी. वणी तालुका अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात येतो, समोरचा वरोरा तालुका गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात. दोन्ही तालुक्यांच्या पोलीस ठाण्यांत २०१० पासूनच्या नोंदी आहेत: वरोऱ्यात बंदीआधीची पाच वर्षं, बंदीची सहा वर्षं, नंतरची वर्षं, आणि वणीत सलग परवान्याची. दारूबंदी कायद्याखालचे गुन्हे पूर्ण वगळायचे. खून, गंभीर दुखापत, पोलिसांवरचे हल्ले आणि पतीकडून होणारी क्रूरता एवढेच चार रकाने घ्यायचे. सोबत दोन्ही ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांतल्या मारहाणीच्या जखमांच्या नोंदी, कारण ठाण्यात न गेलेली बाई टाके घालायला तरी दवाखान्यात जाते. दोन विद्यापीठांच्या समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी मिळून हे केलं, तर पुढच्या वेळी एखादा जिल्हा कोरडा करताना किंवा खुला करताना मंत्रिमंडळापुढे सोळा हजार आणि चाळीस हजार यांच्याऐवजी हे चार रकाने ठेवता येतील.